हात वर होत नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गटाची बैठक कळंब तालुक्यातल्या एका गावात होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी आम्ही अशी एक बैठक घेतोच, कारण त्यानंतर पाच-सहा महिने निम्म्या बाया गावात नसतात. उचल किती, मुलं कुणाजवळ ठेवायची, रेशनचं काय, असे विषय असतात. त्या दिवशी एक ठराव होता: उचलीच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागलं पाहिजे. मी म्हटलं, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." सगळ्यांचे हात वर झाले. एकीचा झाला नाही. ही आमची जुनी, खंबीर मैत्रीण. मला वाटलं, नवऱ्याच्या भीतीने गप्प बसली. बैठक संपल्यावर मी जरा रागानेच विचारलं, "तुम्हीच मागे सरलात तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?"

ती म्हणाली, "ताई, ठराव मान्य हाय. हात वर हुईना."

सहा महिन्यांपासून तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी मुलगी घालून देत होती. ब्लाउजमध्ये आधी दुखरा हात सरकवायचा, मग चांगला. रात्री त्या कुशीवर झोप नाही. भाकरी थापायची ती दात-ओठ खात. हे सगळं चालू असताना ती आमच्या तीन बैठकांना आली होती आणि आम्हांला कुणालाही कळलं नव्हतं. तिने सांगितलं नाही हे खरं, पण आम्ही विचारलंही नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं, ते मैत्रिणींसमोर मांडावं म्हणून हा लेख लिहीत आहे.

शेजारच्या शहरात एका मंगल कार्यालयात कायरोप्रॅक्टिकचं शिबिर भरलं होतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, हाताने हाडं जागेवर बसवतात, अशी जाहिरात. आधीच्या वर्षी माझी मान धरली होती तेव्हा मी स्वतः तिथे जाऊन आले होते. दोन दिवस अगदी हलकं वाटलं होतं. म्हणून मी तिला घेऊन गेले. दोन खेपांचे बाराशे रुपये झाले, ते तिने उचलीतून दिले. तिथल्या माणसाने खांदा दाबून पाहिला, पाठ दाबली, मान एका बाजूला वळवून झटका दिला, मग हात धरून ओढला. कट्‌ असा आवाज आला. "हाड सरकलं होतं, बसलं," असं सांगितलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण ती हसली. दुसऱ्या खेपेनंतर तिसऱ्या दिवशी हात जो धरला तो कंबरेच्या वर जाईना. तशाच हाताने ती फडावर गेली. संक्रांतीच्या सुमारास परत आली तेव्हा मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. साखर तीनशेच्या वर होती. तिला मधुमेह आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मधुमेह असलेल्या माणसांत खांदा आखडण्याचं दुखणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. थायरॉइडच्या विकारातही आढळतं. चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायांत जास्त. सांध्याभोवतालचं आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं. हाड कुठेही सरकलेलं नसतं. जे सरकलेलंच नाही ते बसवणार काय? आणि सुजलेल्या आवरणाला जोराचा झटका दिला तर दुखणं वाढण्याचीच शक्यता जास्त.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने १८९५ मध्ये ही पद्धत सुरू केली. इमारतीच्या एका सफाई कामगाराला ऐकू येत नव्हतं, त्याचा मणका दाबल्यावर येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. मणके जागचे हलतात आणि त्यातून बहुतेक सगळे रोग होतात, हा त्याचा सिद्धान्त. तो शास्त्राच्या कसोटीला उतरलेला नाही. मात्र कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराचा काहींना थोडाफार उपयोग होतो, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. खांद्याच्या बाबतीत हलक्या हाताने सांधा हलवणं आणि त्याबरोबर नियमित व्यायाम, याने काहींना आराम पडतो. पण तेच काम फिजिओथेरपीही करते. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. ती क्वचित घडतात, पण घडतात. आणि तो जो कट्‌ आवाज येतो, ज्यावर सगळा विश्वास बसतो, तो हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा असतो. आपण बोटं मोडतो तोच आवाज.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरला नोंदणी सक्तीची केली. तिथे चूक झाली तर तक्रार करायला जागा आहे. आपल्याकडे या पद्धतीची अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. शिबिर आलं, पैसे गोळा केले, पुढच्या गावाला गेलं. तक्रार कुणाकडे करणार? फिजिओथेरपीचं तसं नाही. त्या शिक्षणाची पदवी आहे, महाराष्ट्रात तिची नोंदणी परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात तिचा समावेश आहे. तेव्हा बाईने कुणाच्या हातात खांदा द्यायचा हे ठरवताना "नोंदणी क्रमांक काय?" हा प्रश्न विचारायला आपण शिकवलं पाहिजे.

पण एवढं म्हणून थांबलं तर हा लेख एका भोंदूविरुद्धची तक्रार होईल. मला ते करायचं नाही.

हाड बसवणारा आपल्या भागाला नवा नाही. चमक भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत एक पायाळू मुलगा होता. त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना बाया घरातून हाक मारून न्यायच्या. बिब्ब्याचे चटके दिलेले खांदे आजही तुम्हांला प्रत्येक गावात सापडतील, काळ्या ठिपक्यांची ओळच्या ओळ. रुईचं पान तव्यावर गरम करून बांधणं, एरंडेल चोळणं, शेक देणं, हे तर घरोघर. यांतल्या शेकाने, चोळण्याने बरं वाटतं आणि त्याने बहुधा नुकसानही होत नाही. चटक्याने जखम होते, मधुमेह असेल तर ती चिघळते. मंगल कार्यालयातलं शिबिर हा त्याच साखळीतला नवा दुवा. आता मोबाइलवर त्याचे व्हिडिओ येतात, कटकट आवाज मोठा करून ऐकवतात, एवढाच फरक.

बाया तिथे का जातात? अडाणी आहेत म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. मी तर शिकलेली आहे आणि मीही गेले होते. मैत्रिणीला मी नंतर विचारलं, "दुखलं होतं, तरी तुम्ही हसलात का?" ती म्हणाली, "त्यानं खांद्याला हात लावून बघितलं ताई. दवाखान्यात कुणी हात लावत न्हाई. लांबूनच गोळ्या लिहित्यात."

हे उत्तर मला अजून टोचतं. सहा महिन्यांत ती दोनदा दवाखान्यात गेली होती. दोन्ही वेळा "कामाने दुखतंय, आराम करा" असं सांगून दुखणं मारण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. कुणी हात उचलून पाहिला नव्हता, कुणी साखर तपासली नव्हती. ज्याने तिचं दुखणं बोटाने शोधून काढलं तो तिला खरा वाटला. बाईच्या शरीराला औषधासाठी का होईना, कुणीतरी लक्ष देऊन हात लावणं हे इतकं दुर्मीळ असेल, तर लोक झटका देणाऱ्याकडे जाणारच. दुसरीकडे, पुरुष डॉक्टरसमोर ब्लाउजचा खांदा उतरवायचा या लाजेनेही किती जणी गप्प राहतात. तपासणीच्या खोलीला पडदा असणं आणि आत एक बाई कर्मचारी असणं, ही मागणी छोटी वाटते. पण खांद्याची तपासणी होणार की नाही हे त्यावर ठरतं.

आता "कामाने दुखतंय, आराम करा" या सल्ल्याबद्दल. कामाने दुखतंय हे खोटं नाही. आपण हिशेब तरी करून बघू. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. पाच माणसांच्या घराला आणि दोन जनावरांना दिवसाकाठी दहा हंडे लागले तर दीडशे किलो वजन बाई रोज उचलते, डोक्यावर घेते, उतरवते. खांद्याच्या वर हात नेऊन ओझं चढवणं-उतरवणं हेच खांद्याला सगळ्यांत वाईट. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं, पुष्कळ घरांत नळ आले ही चांगली गोष्ट आहे. पण आमच्या भागात उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही आणि मग हंडा पुन्हा डोक्यावर येतो. तो पुरुषाच्या डोक्यावर मी फारसा पाहिलेला नाही. पुरुष पाणी आणतो तेव्हा मोटारसायकलवर कॅन लावून आणतो.

पुढे सोयाबीनची काढणी. ती गुत्त्याने घेतात, म्हणजे जितकं लवकर उरकेल तितकं बरं, मधे पाठ सरळ करायलाही वेळ नाही. त्यानंतर ऊसतोड. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट सोलते, वाढं वेगळं करते, मोळी बांधते आणि तीस ते चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर नाहीतर ट्रॉलीत चढवते. रात्री-अपरात्री गाडी आली की उठून भरायचं. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. अशा बाईला "आराम करा" म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. आराम हे औषध असेल तर ते कोणत्या दुकानात मिळतं तेही डॉक्टरांनी लिहून द्यावं.

कारखान्यात बाईने किती वजन उचलावं यावर मर्यादा घालण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. साखर तिथे, कारखान्याच्या आत होते. ऊस मात्र फडात तोडला जातो, आणि फडात ती मर्यादा कधी पोहोचलीच नाही. एकाच साखरेच्या पोत्यासाठी दोन बाया राबत असतील, तर फाटकाच्या आतल्या बाईच्या खांद्याला कायदा आणि बाहेरच्या बाईच्या खांद्याला नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये काय उघडकीला आलं ते आपल्याला माहीत आहे. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तिथेही सुरुवात दुखण्यानेच झाली होती: पोटदुखी, अंगावर जाणं, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. काम बदलायचं नाही, विश्रांती द्यायची नाही, फडावर संडास-पाणी द्यायचं नाही, तेव्हा उरला तो अवयव काढून टाकायचा. खांदा काढून टाकता येत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण तर्क तोच आहे. कामाने शरीर मोडतं, आणि बदलायचं असतं ते शरीर. झटका देऊन, इंजेक्शन देऊन, गोळ्या देऊन तिला पुन्हा त्याच मोळीखाली उभं करायचं.

इथे आपल्यालाही काही विचारायला हवं. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. त्या अभ्यासाने आपल्या आरोग्यविषयक कामाला दिशा दिली. आपण पाळीबद्दल, पांढऱ्या पाण्याबद्दल, गर्भपाताबद्दल उघड बोलायला शिकलो. सरकारने बाईकडे फक्त मुलं जन्माला घालणारं यंत्र म्हणून पाहिलं, त्याविरुद्ध आपण भांडलो. पण भांडता भांडता आपल्याही आरोग्याच्या कल्पनेची सीमा कंबरेपाशीच राहिली का? आमच्या गटाने गेल्या वीस वर्षांत जी आरोग्य शिबिरं घेतली त्यांचे तक्ते मी काढून बघितले. पाळी, बाळंतपणं, अंगावर जाणं, रक्त कमी, स्तनात गाठ, सगळे रकाने आहेत. खांदा, मान, कंबर, गुडघा यांचा रकाना नाही. तक्ते आम्हीच बनवले होते. राबणाऱ्या बाईचं शरीर आमच्या भाषणांत होतं, तक्त्यात नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्या उमरगा-लोहारा भागातल्या हजारो माणसांची हाडं मोडली, तेव्हा डॉक्टर कुठून कुठून धावून आले. मोडलेलं हाड दिसतं. झिजत गेलेला खांदा दिसत नाही, कारण तो एका रात्रीत मोडत नाही आणि तो मोडणाऱ्याचं नावही सांगता येत नाही. पण त्याच काळात या जिल्ह्याने दुसरंही काही पाहिलं आहे. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. गावातली बाई गावातल्या बाईला हात लावून तपासू शकते, हे आपल्याच मातीत घडलं आहे. खांद्याबाबत ते का घडू नये?

तपासायला फार लागत नाही. बाईचा हात तिने स्वतः वर करून बघावा, मग दुसरीने हलकेच धरून वर नेऊन बघावा. स्वतःहून जात नाही आणि दुसरीने नेला तरीही जात नाही, तर सांधा आखडलेला असण्याची शक्यता जास्त: आधी साखर तपासा. दुसरीने नेला की जातो पण स्वतःहून होत नाही, तर स्नायूला जोडणारा दोर दुखावलेला असू शकतो. दोन्हींत डॉक्टर आणि फिजिओथेरपी लागते. आखडलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात, हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे आठ दिवसांत बरं करणाऱ्याच्या मागे बाई धावणार नाही. सुरुवातीच्या फार दुखण्यात सांध्यात इंजेक्शन देतात, त्याने आराम पडतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून सांगून घ्यावं. घरी व्यायाम म्हणजे वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवणं, भिंतीवर बोटांनी चढत जाणं, रोज, सहन होईल तितकंच.

काही वेळा खांदा दुखतो पण दुखणं खांद्याचं नसतं. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. ताप, वजन उतरणं, काखेत किंवा स्तनात गाठ असेल तर थांबायचं नाही. आणि मानेला झटका कुणालाही देऊ द्यायचा नाही, मग तो पायाळू असो की पांढरा कोट घातलेला.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात मोफत तपासून मिळायला हवा, तसा सरकारी कार्यक्रमच आहे. तो आपण मागून घेतला पाहिजे. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण फिजिओथेरपी एका खेपेत होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तरी दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसली पाहिजे, शक्यतो बाई, आणि बाजाराच्या दिवशी. हे आपण मागू. त्याच्याबरोबर मोळीचं वजन कमी करणं, आजारपणाच्या दिवसाला खाडा न लावणं आणि अर्ध्या कोयत्याऐवजी बाईची स्वतंत्र मजुरी, हेही आरोग्याच्याच मागण्यांत लिहू. मुकादम हसतील. अंगणवाडीच्या मागणीलाही ते हसले होते.

आणि घरात? मैत्रिणीच्या नवऱ्याला मी सांगितलं की आता हंडा तुम्ही उचला. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मुलगा मात्र उचलू लागला आहे.

तिचे बाराशे रुपये आमच्या गटाने परत दिले. माझी चूक त्याने भरून निघत नाही. औषधांनी साखर आटोक्यात आली आहे, ती रोज भिंतीवर बोटं चालवते, भिंतीवर तिने कोळशाने रेघा ओढून ठेवल्या आहेत. मागच्या महिन्यात शेवटची रेघ दाराच्या कडीपर्यंत पोहोचली होती. यंदा फडावर जाणार का, असं विचारलं तर म्हणाली, "उचल फिटली न्हाई अजून."

आमच्या नव्या तक्त्यात खांद्याचा रकाना घातला आहे. आपापल्या गावात, गटात, फडावर तुम्हीही हा प्रश्न विचारा: हात वर होतो का? काय उत्तरं येतात ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. आणि पुढच्या बैठकीत कुणाचा हात वर झाला नाही, तर माझ्यासारखं रागावण्याआधी जवळ जाऊन बसा.